ताप उतरल्यावर रक्तात कोण उरते?

हिवतापाच्या रुग्णाला हुडहुडी भरवणारे परजीवी आणि त्याचा आजार शेजारच्या घरात पोहोचवणारे परजीवी वेगवेगळे असतात. जात तीच, रूप निराळे. पहिले रूप तांबड्या रक्तपेशीत शिरते, तिच्यातले हिमोग्लोबिन खाते, स्वतःच्या १६ ते ३२ प्रती काढते आणि पेशी फोडून बाहेर पडते. त्या प्रती लगेच नव्या पेशी गाठतात. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीत हे चक्र ४८ तासांचे असते. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजते, ताप चढतो. पण हे रूप रक्तात कितीही माजले तरी पुढच्या माणसापर्यंत जाऊ शकत नाही. ॲनोफिलीस डासाच्या मादीने रक्ताबरोबर ते ओढून घेतले, तर तिच्या पोटात ते पचून संपते.

डासात तग धरते ते दुसरे रूप. ते वाढत नाही, पेशी फोडत नाही, ताप आणत नाही. त्यात नर असतात आणि माद्या असतात. त्यांना गॅमेटोसाईट म्हणतात. रुग्णाला त्यांचा पत्ताही लागत नाही. हिवतापाच्या प्रसाराचा सगळा भार मात्र या मूठभर गप्प पेशींवर असतो, आणि त्यांच्या आयुष्यात दोन निर्णय येतात. एक माणसाच्या रक्तात, लैंगिक रूप घ्यायचे की नाही याचा. दुसरा डासाच्या पोटात, जागे व्हायचे की नाही याचा. मेंदू नसलेली, एका पेशीची ही कणी हे निर्णय कशी घेते, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

यातली दुसरी घटना माणसाने आधी पाहिली, तीही अनवधानाने. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाईन शहरात अल्फोन्स लाव्हराँ हा फ्रेंच लष्करी डॉक्टर तापाने आजारी असलेल्या एका शिपायाचे ताजे, न रंगवलेले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. काळसर कण असलेल्या एका गोल पिंडाच्या कडेने लांब बारीक तंतू बाहेर आले आणि इतक्या जोरात वळवळू लागले, की आजूबाजूच्या तांबड्या पेशी हलायला लागल्या. हे सजीव आहे याबद्दल लाव्हराँला शंका उरली नाही. हिवतापाचा परजीवी असा सापडला. १९०७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते तंतू म्हणजे काय, हे त्यालाही कळले नव्हते.

उत्तर १८९७ मध्ये मिळाले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला विद्यार्थी विल्यम मॅक्कॅलम कावळ्यांच्या रक्तातला हिवतापाचा एक नातलग परजीवी तपासत होता. त्याने पाहिले की असा एक तंतू सुटून पोहत जातो आणि शांत पडून असलेल्या दुसऱ्या गोल पिंडात शिरतो. तंतू म्हणजे नर बीजपेशी, पिंड म्हणजे मादी. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादला ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना ॲनोफिलीस डासाच्या पोटाच्या भिंतीत परजीवीच्या गाठी दिसल्या. त्या डासांना ज्याचे रक्त पाजले होते, त्या हुसेन खान नावाच्या रुग्णाला दर डासाच्या चाव्यामागे रॉस एक आणा देत असत. दोन टोके हाती आली होती. डासाच्या पोटात या परजीवींचे मीलन होते आणि तिथून पुढचा संसर्ग सुरू होतो.

एक प्रश्न राहिला. जी गोष्ट डासाच्या पोटात व्हायची, ती लाव्हराँला काचपट्टीवर का दिसली? त्याचे उत्तर द्यायला जवळजवळ शतक लागले. तिथे जाण्याआधी पहिला निर्णय समजून घ्यायला हवा.

आपल्यात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रे ठरवतात. हिवतापाच्या परजीवीत तशी गुणसूत्रेच नाहीत. माणसाच्या शरीरात असेपर्यंत त्याच्याकडे १४ गुणसूत्रांचा एकच संच असतो, आणि एकाच परजीवीपासून वाढवलेल्या वसाहतीतून नरही निघतात, माद्याही निघतात. म्हणजे सूचना सगळ्यांकडे सारख्याच आहेत. कोणती सूचना वाचायची, एवढाच फरक.

या वाचनाची मुख्य कळ २०१४ मध्ये सापडली. १९७६ मध्ये ट्रॅगर आणि जेन्सन यांनी फाल्सिपेरम प्रयोगशाळेत सतत वाढवण्याची रीत बसवली होती. तेव्हापासून संशोधकांना एक अनुभव वारंवार येत होता. वर्षानुवर्षे बशीत वाढवलेले काही वंश गॅमेटोसाईट बनवणेच सोडून देत. बशीत डास नसतो, त्यामुळे लैंगिक रूप घेणाऱ्याची रेघ तिथेच खुंटते आणि नुसते वाढत राहणारे पुढे निघून जातात. अशा वंशांचा जनुकसंच वाचून पाहिला, तर एकच जनुक बिघडलेले निघाले, एपी२-जी. दोन वेगळ्या गटांनी, एकाने माणसाच्या आणि दुसऱ्याने उंदरांच्या हिवतापावर काम करून, हाच निष्कर्ष एकाच वेळी काढला. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचित हाती लागतो.

एपी२-जी हे दुसरी जनुके सुरू करणारे प्रथिन आहे. ते तयार झाले की लैंगिक विकासाची जनुके एकामागून एक कामाला लागतात. बहुतेक परजीवींत मात्र हे जनुक कुलुपात असते. एचपी१ नावाचे प्रथिन डीएनएचा तो भाग घट्ट आवळून ठेवते. वाचणाऱ्या यंत्रणेला तिथे हातच घालता येत नाही. काही मोजक्या परजीवींत जीडीव्ही१ नावाचे दुसरे प्रथिन येते आणि एचपी१ला तिथून हुसकावते. हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. कुलूप निघाले की एपी२-जी बनते, आणि बनल्यावर ते स्वतःच्याच जनुकाला चिकटून आणखी एपी२-जी बनवू लागते. थोडीशी सुरुवात झाली की प्रमाण आपोआप चढत जाते. निर्णय पक्का होतो तो असा.

पण जीडीव्ही१ येते कधी? इथे बाहेरच्या जगाचा निरोप आत पोहोचतो. आपल्या रक्तद्रवात लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. नवनव्या प्रतींची आवरणे बनवायला परजीवी तो कच्चा माल म्हणून वापरतो. आजार बळावला, शरीरात दाह वाढला, की रक्तातले त्याचे प्रमाण घसरते. २०१७ मध्ये दिसून आले की फाल्सिपेरमला या पदार्थाचा तुटवडा जाणवला, की लैंगिक रूपाकडे वळणाऱ्यांची संख्या वाढते. एरवी दर चक्रात शंभरातले जेमतेम काहीच त्या वाटेने जातात. मला यात परजीवीच्या स्वभावाचा नेमका ठाव लागल्यासारखा वाटतो. माल मुबलक असेल तर याच शरीरात पसरत राहायचे, माल आटू लागला की निघायची तयारी करायची. आणि माल पूर्ण आटण्याची वाट न पाहता थोडे जण कायम तयारीत ठेवायचे, कारण डास कधी येईल याचा भरवसा नसतो.

फाल्सिपेरममध्ये एका निर्णय झालेल्या परजीवीची सगळी पिल्ले एकाच लिंगाची होतात, सगळे नर किंवा सगळ्या माद्या. माद्या जास्त असतात, साधारण एका नरामागे तीन ते पाच. का, ते पुढे उलगडेल.

यानंतरचा टप्पा लांबलचक आहे. फाल्सिपेरमचा गॅमेटोसाईट पक्व व्हायला दहा-बारा दिवस घेतो. व्हायव्हॅक्स या भारतात भरपूर आढळणाऱ्या दुसऱ्या जातीत हेच काम दोनेक दिवसांत उरकते, म्हणून त्या जातीत ताप येण्याआधीच रुग्ण डासांना संसर्ग देऊ शकतो. फाल्सिपेरमचे अर्धवट वाढलेले गॅमेटोसाईट वाहत्या रक्तात सापडतच नाहीत. ते मुख्यतः अस्थिमज्जेत दडून राहतात. या काळात त्यांची पेशी ताठ असते. तशी पेशी रक्तात फिरली तर प्लीहेच्या अरुंद फटींत अडकून नष्ट होईल. पक्व झाल्यावर मात्र ती पुन्हा लवचीक होते आणि चंद्रकोरीच्या आकाराचे गॅमेटोसाईट रक्तात उतरतात, त्वचेजवळच्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोहोचतात.

ही लवचिकताही संकेतांवर चालते. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू असतो. त्याचे प्रमाण जास्त असते तोवर पेशी ताठ राहते, कमी झाले की सैल पडते. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातला घटक, हा रेणू मोडू देत नाही आणि पक्व गॅमेटोसाईटच्या पेशी पुन्हा ताठ होतात. प्लीहेसारख्या बनवलेल्या गाळणीतून त्या मग जाईनात. प्रयोग बशीतला आहे आणि या गोळ्या हिवतापावर कोणी घेऊ नयेत, पण दिशा खरोखर नवी आहे. परजीवीला मारण्याऐवजी त्याला आपल्याच प्लीहेच्या हवाली करायचे.

आता दुसरा निर्णय. मादी डास दोन-तीन मायक्रोलिटर रक्त ओढते. त्यात थोडेसे गॅमेटोसाईट असतात. क्षणापूर्वी ते ३७ अंशांच्या रक्तात होते, आता डासाच्या पोटात. तापमान एकदम उतरते. पाच अंशांची घट पुरेशी असते. तेवढ्याने मात्र भागत नाही. दुसरी खूण लागते. १९७० च्या दशकात फ्रेडरिक नायहाउट यांनी दाखवले होते की डासाच्या शरीरात गॅमेटोसाईट जागे करणारा काहीतरी पदार्थ आहे. १९९८ मध्ये त्याची ओळख पटली. ते झँथुरेनिक आम्ल निघाले. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या विघटनातून डासाच्या शरीरात ते तयार होते. डासाला त्याचे फारसे महत्त्व नसेल, पण परजीवीसाठी तो पत्ता आहे. इथे पोहोचलास, आता थांबू नकोस.

लाव्हराँचे कोडे इथे सुटते. झँथुरेनिक आम्लाऐवजी रक्ताचा आम्लपणा कमी झाला तरी गॅमेटोसाईट जागे होतात. काचपट्टीवरचा थेंब थंड झाला होता आणि हवेशी संपर्क येऊन त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला होता, त्यामुळे रक्त किंचित अल्कधर्मी झाले. थंडावा आणि अल्कधर्मीपणा या दोन्ही खुणा जुळल्या आणि परजीवीला वाटले, आपण डासात आहोत. दोन खुणा मागण्यात मोठी सावधगिरी आहे. थंडीच्या दिवसांत माणसाची बोटे गार पडतात. नुसत्या गारव्याने गॅमेटोसाईट जागे झाले असते तर ते माणसाच्या रक्तातच उमलून वाया गेले असते.

खूण पटल्यावर पेशीच्या आत काय होते, हा या विषयातला सर्वांत समृद्ध भाग. परजीवीच्या आवरणात ग्वानिलिल सायक्लेज नावाचे विकर असते. ते जागे होऊन सायक्लिक जीएमपी हा रेणू भराभर बनवू लागते. हा रेणू पीकेजी नावाच्या किनेजला चालना देतो. दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून त्यांचे काम बदलणारे विकर, ते किनेज. पीकेजी सुरू झाले की आवरणातली एक विशिष्ट चरबी तुटते. त्यातून निघालेल्या तुकड्यामुळे पेशीतल्या साठ्यांमधले कॅल्शियम एकदम बाहेर पडते. खूण मिळाल्यापासून कॅल्शियम उसळेपर्यंत काही सेकंद लागतात. २०१७ मधल्या एका अभ्यासात तर पहिल्या २० सेकंदांत शेकडो प्रथिनांवरचे फॉस्फेट बदललेले आढळले. आपली एखादी पेशी दुभंगायला दिवसभर घेते, हे लक्षात घेतले की या वेगाचे मोल कळते.

पीकेजी हेच या साखळीचे द्वार आहे, हे एका सुंदर प्रयोगातून ठरले. परजीवीच्या पीकेजीमध्ये एका जागी माणसाच्या पीकेजीपेक्षा छोटे अमिनो आम्ल असते, त्यामुळे तिथे एक खोबण मोकळी राहते. त्या खोबणीत बसणारे औषध दिले की गॅमेटोसाईट जागे होत नाहीत. संशोधकांनी त्या जागी मोठे अमिनो आम्ल बसवून परजीवी तयार केले. खोबण बुजली, औषध बसेना, आणि गॅमेटोसाईट औषध असतानाही जागे झाले. म्हणजे औषध दुसरीकडे कुठे नव्हे, नेमके पीकेजीवरच काम करत होते. २००८ चा हा प्रयोग.

कॅल्शियम उसळल्यावर नर आणि मादी यांच्या वाटा फुटतात. नरामध्ये सीडीपीके४ हे किनेज कॅल्शियमने जागे होते. ते काढून टाकलेल्या परजीवीत नर पुढे सरकतच नाही, मादीला मात्र काही होत नाही. सीडीपीके४ जागे झाले की डीएनएची प्रत काढण्याचे काम सुरू होते. एकापाठोपाठ तीन वेळा, एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. फाल्सिपेरमच्या एका संचात सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरे आहेत. त्यांच्या तिन्ही फेऱ्या सुमारे दहा मिनिटांत आटोपतात. त्याच वेळी पेशीद्रवात आठ शेपट्या बांधल्या जात असतात. शेवटी एमएपी२ हे दुसरे किनेज परवानगी देते आणि आठ बीजपेशी वळवळत बाहेर पडतात. लाव्हराँने पाहिलेले तंतू ते हेच. एका नरातून आठ निघतात, म्हणून नर कमी असले तरी चालते. आधी राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर हे.

मादीला डीएनए वाढवायचा नसतो. तिला तयार राहायचे असते, आणि तिची तयारी माणसाच्या रक्तातच झालेली असते. सणाच्या आधी भाजणी दळून डब्यात भरून ठेवावी आणि ऐनवेळी फक्त पाणी घालून चकल्या पाडाव्यात, तसे ती शेकडो प्रथिनांचे संदेशवाहक आरएनए आधीच बनवून साठवते. डोझी नावाचे प्रथिन त्यांना धरून ठेवते, त्यांचे वाचन होऊ देत नाही. डासात पोहोचल्यावर पकड सुटते आणि लगेच प्रथिने बनू लागतात. त्यातली पी२५ आणि पी२८ ही मीलनानंतर आवरणात लागणारी प्रथिने. डोझी काढून टाकले तर साठा बिघडतो आणि मीलनानंतरचा विकास खुंटतो.

मादी गोल होऊन तांबड्या पेशीतून बाहेर पडते. नर बीजपेशी तिला शोधते. नराच्या पृष्ठभागावरची पी४८/४५ आणि पी२३० ही प्रथिने चिकटण्याचे काम करतात. दोघांची आवरणे एकजीव करते ते हॅप२. हे प्रथिन वनस्पतींत आधी सापडले होते. सीडीपीके४च्या जातीची किनेजही वनस्पतींत असतात, माणसात नाहीत. परजीवीच्या फार दूरच्या पूर्वजाने कधी काळी एका शेवाळाला पोटात घेतले होते, त्याचा अवशेष आजही त्याच्या पेशीत आहे. औषध शोधणाऱ्याला हा फरक मोलाचा. जे माणसात नाही, त्यावर घाव घातला तर माणसाला इजा होण्याची शक्यता कमी.

मीलनानंतर काही तासांत अर्धसूत्री विभाजन होते, दिवसाभरात लांबट, सरपटणारे रूप तयार होते आणि पोटाची भिंत पार करून बाहेरच्या बाजूला गाठ बांधते. त्या सरपटण्यालाही पुन्हा पीकेजी आणि कॅल्शियमच लागते. रॉस यांनी पाहिल्या त्या गाठी याच. पुढच्या दहा-बारा दिवसांत गाठ फुटते, हजारो नवे परजीवी डासाच्या लाळग्रंथीत जातात आणि पुढचा माणूस गाठतात.

या सगळ्या प्रवासात एक अरुंद जागा आहे. आजारी माणसात परजीवी अब्जावधी असू शकतात. निसर्गात सापडलेल्या संसर्गित डासाच्या पोटात गाठी बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. परजीवीची संख्या सर्वांत कमी इथे असते, म्हणून त्याला अडवायची जागाही हीच, असे माझे ठाम मत आहे. पी२३० आणि पी२५ यांविरुद्धच्या लशी याच विचारावर बेतलेल्या आहेत. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडे डासाच्या पोटात जातात आणि तिथे मीलन किंवा पुढचा विकास रोखतात. अशी लस घेणाऱ्याला स्वतःला ताप येण्यापासून वाचवत नाही. ती त्याच्या शेजाऱ्याला वाचवते. आफ्रिकेत मालीमध्ये अशा लशींच्या चाचण्या झाल्या आहेत.

लस हातात येईपर्यंत आपल्याकडे एक जुने औषध आहे, प्रायमाक्विन. तापावर दिली जाणारी आर्टेमिसिनीनवर आधारलेली औषधे वाढणाऱ्या परजीवींना आणि कोवळ्या गॅमेटोसाईटना मारतात. पक्व गॅमेटोसाईट शांत असतात, वाढत नसतात, म्हणून त्यांच्यावर या औषधांचा फारसा परिणाम होत नाही. ताप उतरतो, रुग्ण कामाला लागतो आणि त्याच्या रक्तातले गॅमेटोसाईट पुढेही काही दिवस, कधी काही आठवडे, डासाची वाट पाहत असतात. प्रायमाक्विन नेमके त्यांना संपवते. म्हणून फाल्सिपेरमच्या उपचारात त्याची एक मात्रा जोडलेली असते. व्हायव्हॅक्समध्ये तेच औषध यकृतात दडलेल्या रूपासाठी १४ दिवस द्यावे लागते. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार असलेल्या गडचिरोलीत फाल्सिपेरमचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडतात. तिथल्या पाड्यावर ताप उतरलेल्या माणसाने घेतलेली ही एक मात्रा त्याच्या झोपडीभोवतीच्या डासांना रिकामे ठेवते.

तेव्हा हिवतापाचे निदान झाले तर ताप गेला म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. प्रायमाक्विन लिहून दिले असेल तर ते सांगितल्याप्रमाणे पुरे करा. गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे यांना हे औषध देत नाहीत, आणि जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, म्हणून ते डॉक्टरांना किंवा आरोग्यसेविकेला विचारूनच घ्या. लघवी गडद झाली, तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठा.